डी ड्राइव्हमधला मुहूर्त

बनशंकरीतल्या कस्तुराबाईंच्या हर्षिताचं लग्न सावजी मटणामुळे जमलं.

नाही. तसं काहीही घडलेलं नाही. मुलाकडच्यांना त्याची कल्पना नाही, मुलीकडच्यांना ते ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिघं एकमेकांवर नजर ठेवून गप्प आहेत. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलेलंच नाही, असं धरून चालू या. घडलं ते एवढंच, की शहाण्णव साली अवधूत घाटोळे नावाच्या नागपूरच्या तरुणानं एका कंप्युटरच्या हार्ड डिस्कची दोन पार्टिशनं, म्हणजे दोन वाटे, एकत्र केली. आणि तीही सुरक्षितपणे!

"एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही, आचार्य! लिहून घ्या!" असं तो छाती फुगवून म्हणाला होता. आणि खरंच, एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. जे झालं ते नंतर.

कंप्युटर भीमाचार्यांचा. भीमाचार्य पत्रिका बघत, मुहूर्त काढत आणि वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं देत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं, आणि परत जायला चांगला मुहूर्त न मिळाल्यामुळे इथंच राहिलं. अवधूत कोरमंगलातल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा. बंगळुरात बिनलग्नाच्या पोराला खोली मिळणं म्हणजे बोक्याला डेअरीत रखवालदाराची नोकरी मिळण्याइतकं अवघड. ती त्याला मिळाली होती. खिडकीतून नारळाचं झाड दिसायचं, नळाला पाणी यायचं आणि खाली अहल्याक्का दोन वेळा जेवायला वाढायच्या. अट एकच.

"कांदा चालतो, स्वल्प," आचार्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लसूण इल्ला, नाही म्हणजे नाही. अंडं इल्ला. आणि मांसाचं तर नावसुद्धा या घरात निघता उपयोगी नाही. नाव निघालं की सामान रस्त्यावर. सरी? कबूल?"

"सरी," अवधूत म्हणाला. आणि त्यानं ते नाव कधी काढलं नाही. फक्त टाइप केलं.

झालं असं, की आचार्यांना कंप्युटर घ्यायला लावला अवधूतनंच, आणि चालवायला शिकवला तोही त्यानंच. त्या बदल्यात डिस्कचे दोन भाग केले होते. सी आचार्यांचा, डी अवधूतचा. सी मध्ये पत्रिका आणि मुहूर्त. डी मध्ये अवधूतच्या आईनं नागपूरहून फोनवर सांगितलेल्या पाककृती, ज्या तो घरची आठवण आली की इंग्रजी लिपीत मराठी टाइप करून ठेवी. मटण, खिमा, कलेजी, पाया आणि गावरान कोंबडी. रोज ताकभात खाऊन झाल्यावर, खाली कुणी नसताना तो त्या फायली उघडून नुसत्या वाचायचा. दुसरे लोक स्तोत्रं वाचतात तशा.

एके दिवशी यंत्रानं सांगून टाकलं की सी मध्ये जागा नाही. आचार्य प्रत्येक पत्रिकेच्या डोक्यावर गणपतीचं चित्र घालत, आणि दर पत्रिकेला वेगळं. जागा उरणार कुठून?

"माझ्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही," आचार्य चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि तुझ्या बाजूला मोकळं मैदान. वाटे कुणी घातले होते रे?"

"मीच घातले होते, आचार्य."

"होय की!"

त्या 'होय की'मध्ये एवढा संशय होता, की अवधूतनं लगेच दोन्ही भाग एकत्र करायचं वचन देऊन टाकलं. ऑफिसातून त्यासाठीचा खास प्रोग्राम आणतो आणि गुरुवारी सकाळी काम करतो म्हणाला. डी मधल्या फायली फ्लॉपीवर काढायच्या, डी पुसायचा, सी ताणून मोठा करायचा, आणि फायली परत सी मध्ये ठेवायच्या. सोपं!

"आधी तुमच्या फायलींची एक नक्कल फ्लॉपीवर घेऊ. वीजबीज गेली तर..."

"नक्कल?" आचार्य खुर्चीतून अर्धे उठले. "माझ्या सात पिढ्यांचं गणित खिशात घालून नेणार तू? कुठं? कोरमंगलात? नक्कल इल्ला!"

"पण वीज गेली तर सगळंच जाईल!"

"गुरुवारी सकाळी वीज जाणार नाही. मी बघितलंय."

"कशात?"

"पंचांगात."

अवधूतनं नकलेचा नाद सोडला. पण आचार्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि तुझ्या बाजूचं काय काय माझ्या बाजूला येणार, ते मला स्क्रीनवर दाखवायचं. एकेक नाव. माझ्या घरात कुणी येत असेल तर मी आधी नाव विचारतो."

अवधूतच्या फायलींची नावं होती: MUTTON, KHEEMA, KALEJI, PAYA, KOMBDI! पाच नावं, पाचही रस्त्यावर नेणारी! त्यानं आचार्य संध्येला बसलेले बघून पाचही फायलींची नावं बदलली. कुणालाही संशय येऊ नये म्हणून आचार्यांच्याच पद्धतीनं ठेवली. आचार्यांचे मुहूर्त MUHURT58 पर्यंत आले होते, यानं आपले MUHURT91 पासून पुढे ठेवले, मटण सगळ्यात शेवटी. आतली शीर्षकंसुद्धा खोडली. सावधगिरी म्हणजे सावधगिरी!

गुरुवारी राहुकाळ चुकवून काम सुरू झालं. आचार्य सोवळं नेसून बाजूला बसले. अहल्याक्का दारात उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून की अवधूत बाहेर पळू नये म्हणून, ते कळलं नाही.

"मुहूर्त?" स्क्रीनवरची नावं वाचून आचार्य म्हणाले. "तू कसले मुहूर्त काढतोस?"

"आईसाठी. गावाकडचे. घरगुती."

"किती वाजताचे?"

"जेवणाच्या वेळेचे," अवधूत म्हणाला. खोटं बोलायला त्याला आवडत नसे.

सी ताणला जाऊ लागला. अर्ध्यावर दिवा मिणमिणला, पंखा मंदावला. मग दिवा परत उजळला. आचार्यांनी नुसतं पंचांगावर बोट आपटलं. शेवटी सगळं एक झालं. आचार्यांच्या सगळ्या फायली जागच्या जागी, अवधूतच्या पाचही त्यांच्या रांगेत शेवटी, आणि जागा तर इतकी, की हत्तीची पत्रिका चित्रासकट मावावी!

"बघितलंत?" अवधूत म्हणाला. त्या रात्री तो गाढ झोपला. माणसानं असं झोपू नये.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात असताना कस्तुराबाई आल्या. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, जुन्या बंगळुरी मराठी घरातल्या. हर्षिताला बघून गेलेले लोक महिनोन् महिने 'कळवतो' म्हणत होते, आणि आता उद्या सकाळी येतो म्हणाले होते.

"नाही म्हणायलाच येणार बघा, आचार्य. तोंडावर सांगायला. काही तरी उपाय द्या. वेळ सांगा, विधी सांगा, म्हणाल ते करते."

आचार्यांनी माहिती घातली, गणित केलं, फाईल जतन केली. मग छापायची वेळ आली. अवधूतनं त्यांना शिकवलं होतं, 'यादीत सगळ्यात खालची ती सगळ्यात ताजी.' त्यांनी सगळ्यात खालची छापली.

आचार्य सोवळ्यात, म्हणून कागद अहल्याक्कांनी फाडला. मुहूर्त नेहमी एका पानाचा असतो, म्हणून त्यांनी एकच पान फाडलं. कस्तुराबाईंनी ते डोळ्यांना लावलं आणि घरी नेऊन वाचलं:

'दगडफूल मूठभर. खसखस, सुकं खोबरं, लाल मिरच्या. मिरच्यांना हात आखडू नये. उघड्यावर भाजावं. खोबरं काळं होईस्तोवर हात थांबवू नये. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी घाबरू नये. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे समजावं, झालं.'

विधी कडक होता, पण प्रसंगही तसाच होता. कस्तुराबाईंनी अंगणात शेगडी मांडली आणि हात मुळीच आखडला नाही!

पाहुणे आले ते थेट त्या धुरात. मुलाचे वडील "आम्ही असं सांगायला आलो होतो, की..." इथपर्यंत पोचले आणि कस्तुराबाईंच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या त्यांना दिसल्या. हर्षिता रडत होती. शेजारची यल्लव्वा कुंपणापलीकडे उभी राहून हुंदके देत होती. गल्लीतून जाणारा दूधवाला सायकल थांबवून डोळे पुसत होता! आपण नुसतं दारात उभं राहिलो तर सगळी गल्ली रडते, मग नाही म्हटल्यावर काय होईल? त्या गृहस्थांनी वळून बायकोकडे पाहिलं, तर तीही पदरानं डोळे टिपत होती.

"...आम्ही असं सांगायला आलो होतो," ते खाकरत म्हणाले, "की आम्हाला मुलगी पसंत आहे!"

इकडे अवधूतला प्रिंटरमध्ये अडकलेलं दुसरं पान सापडलं होतं. 'आता मटण घ्यावं, हाडासकट...' असं ते सुरू होत होतं. त्यानं ते चार घड्या घालून खिशात कोंबलं, आणि एखाद्यानं खिशात जिवंत विंचू ठेवावा तसा घरभर चालू लागला.

तोवर बातमी फुटली. आचार्यांच्या ओट्यावर मुलींच्या आयांची रांग लागली. आचार्य खूश व्हायला हवे होते. पण आचार्य रांगेतल्या एकीनं दाखवायला आणलेला तो कागद हातात धरून विचारात पडले होते.

"हे मी लिहिलेलं नाही. तू लिहिलंस?"

"छे! मी कशाला!"

"मग त्या यंत्रात आहे कोण?" आचार्य त्याच्या अगदी जवळ आले. "आणि हा नुसता पूर्वार्ध आहे. मसाल्यासारखं काही तरी तयार झालं, पुढं त्याचं करायचं काय? उत्तरार्ध कुठंय? मी स्नान करून येतो. मग दोघं मिळून बघू."

न्हाणीघराचं दार लागलं आणि अवधूत कंप्युटरवर झेपावला. पाचही फायली पुसायच्या, एका आज्ञेत! MUHURT9 आणि पुढे तारा, म्हणजे 9 नं सुरू होणारे सगळे. पण आतून तांब्याचा आवाज आला, बोटं घसरली, आणि 9 राहून गेला. MUHURT, तारा, एंटर! यंत्रातला डॉस हा फार आज्ञाधारक गडी. खात्री आहे का, वगैरे विचारलंही नाही. अवधूतचे पाच तर गेलेच, कस्तुराबाईंचा नवा धरून आचार्यांचे एकोणसाठही गेले. डिस्क एकत्र होती ना! पूर्वीचे दिवस असते तर डी मधलं डी मध्येच मेलं असतं.

पुसलेलं परत आणायची आज्ञा त्याला येत होती. त्यानं ती दिली. यंत्रानं फायली आणल्या, पण पहिलं अक्षर गमावून, आणि प्रत्येकीपाशी थांबून पहिलं अक्षर विचारू लागलं.

"हे काय विचारतंय?" मागून आचार्यांचा आवाज आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"ते... त्याला नावं आठवत नाहीयेत."

"काल तर आठवत होती. एकेक परत आण आणि उघड. मी वाचतो."

पहिली उघडली. मुहूर्त. दुसरी, मुहूर्त. अवधूत देवाचं नाव घेत होता, आणि फायली माळेच्या मण्यांसारख्या सरकत होत्या. शेवटी शेवटी आचार्यांनी एक फाईल खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"कलेजी स्वच्छ धुऊन..."

"कुणाची?" स्वयंपाकघरातून अहल्याक्कांनी विचारलं.

आचार्य उठले. त्यांनी रांगेच्या बाजूचं दार लावलं. "तू खातोस?"

"या घरात नाही, आचार्य. शपथ."

"घरात नाही? माझ्या सी मध्ये ठेवलंस!"

"शिजवलेलं नाही. टाइप केलेलं आहे."

"वर जा. सामान बांध."

अवधूत उठला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला. तेवढ्यात बाहेरून कस्तुराबाईंचा आवाज आला, "आचार्य, पेढे आणलेत! आणि माझी नणंद आलीय, तिच्या मुलीसाठी तोच विधी पाहिजे!"

आचार्य जागच्या जागी गोठले. अवधूतही. दोघांच्याही डोक्यात एकच गणित झालं. हा पोरगा रस्त्यावर गेला, की रस्त्यावर बोलणार. आणि बोलला, की सात पिढ्या सावजीच्या रश्श्यात!

"थांब," आचार्य म्हणाले. "कुणाला सांगितलंयस?"

"अजून नाही."

"'अजून' म्हणजे?"

"म्हणजे खोली राहिली, तर नाही."

आचार्यांनी ओलं सोवळं सावरलं. मग आचार्यांनी दार उघडलं आणि पेढे घेतले.

खोली राहिली. नारळाचं झाड राहिलं. फक्त दर गुरुवारी सकाळी अवधूतनं अंगणात बसून रांगेतल्या सगळ्यांसाठी विधीद्रव्य भाजायचं, असं ठरलं. 'कारण हात त्याचाच लागतो,' असं आचार्य रांगेला सांगतात. सबंध घर नागपूरच्या लग्नघरासारखं घमघमतं. अहल्याक्कांनी त्यातलं चमचाभर वांग्याच्या हुळीत, म्हणजे आंबट आमटीत, घालून बघितलं आणि "स्वल्प बरं लागतं" म्हणाल्या. अवधूतला मात्र त्या वासात बसून ताकभात मिळतो. शेजारी बसून आचार्य त्याचं ताट बघतात, तो आचार्यांचं तोंड बघतो.

मागच्या आठवड्यात त्यानं आचार्यांना रीतसर अर्ज दिला. आचार्यांनी तो पंचांगात ठेवलाय आणि चांगला दिवस बघून उघडू म्हणालेत. अर्ज असा:

'सविनय सादर. अर्जदार आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असून त्याची वर्तणूक आपणांस ठाऊक आहेच. अर्जदाराचा मटणाबाबत आग्रह नाही. कोंबडीबाबतही नाही. तरी महिन्यातून एकदा, रविवारी, राहुकाळ वगळून, एक अंडं, तेही उकडलेलं, तेही गच्चीच्या कोपऱ्यात, तेही उभ्यानं, तेही वाऱ्याची दिशा बघून खाण्याची परवानगी मिळावी. टरफलं अर्जदार स्वतः कोरमंगलात नेऊन टाकील. कळावे.'