ओड्मुंडचा लाकडी एल्क

चुलीच्या राखेत पडलेला तुकडा नखाएवढा होता. एक बाजू खरखरीत, दुसरी काळ्या काचेसारखी चकचकीत. तोरगुनने तो चिमट्याने उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि बशीत घालून नवऱ्याच्या कॉफीशेजारी ठेवला.

"हे काय?" ओड्मुंडने विचारलं.

"डांबर. धुराड्यातून पडलंय. ओलं लाकूड जाळलं की धुराचा थर आत साचतो. एक दिवस तोच पेट घेतो, आणि आपलं घरही लाकडाचंच आहे."

"मला लाकडातलं शिकवतेस? या खोऱ्यात लोक मला विचारून कुऱ्हाड घेतात."

ते खरं होतं. घरात कोरडं लाकूड नव्हतं असंही नाही. भरपूर होतं. फक्त त्याचा एल्क झाला होता.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या सरपण रचण्याच्या स्पर्धेसाठी ओड्मुंडने अंगणात लाकडांची भिंत उभारली होती. भूर्जाच्या पांढऱ्या तोंडांमध्ये लालसर तोंडांचे ओंडके असे बसवले, की फाटकातून पाहिलं तर शिंगं उगारलेला भला थोरला एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं हरीण, दिसावा. दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या लाकडांच्या माशाला ओड्मुंड अजूनही मासा मानत नव्हता. तेव्हापासून त्या भिंतीतली ढलपीसुद्धा हलली नव्हती. "पुढच्या हिवाळ्यात जाळू," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा आणि करवतीच्या गिरणीतून ओलं लाकूड आणायचा. ते चुलीत आधी रडायचं, मग शिट्टी वाजवायचं आणि शेवटी नाइलाजाने जळायचं. तोरगुन दोन स्वेटर घालून स्वयंपाक करायची.

रविवारी शेजारचा स्टेइनार वाफल, म्हणजे साच्यातले गोड घावन, खायला आला आणि कोट न काढताच बसला.

"थंडी आहे रे तुमच्याकडे."

हे ओड्मुंडच्या वर्मी लागलं. त्याने चूल गळ्यापर्यंत भरली, हवेची झडप सताड उघडली आणि हात झटकत म्हणाला, "आता बघ. पाच मिनिटांत शर्ट काढशील."

थोड्या वेळाने धुराड्यातून घरघर ऐकू आली. मग ती वाढली, आणि छपरावर विमान उतरत असल्यासारखं सगळं घर थरथरायला लागलं.

"बघ, धुराडं कशी हवा ओढतंय," ओड्मुंड म्हणाला.

"ओढत नाहीये. पेटलंय," तोरगुन म्हणाली. तिने झडप बंद केली, अग्निशमन दलाला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि पाण्याची किटली घेऊन चुलीकडे निघालेल्या स्टेइनारच्या हातातून ती काढून घेतली. "तापलेल्या धुराड्यात पाणी गेलं तर वाफेने ते फुटेल. बाहेर हो."

बाहेर धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळा निघत होती. ठिणग्या छपरावरच्या बर्फात विझत होत्या. काही मात्र अंगणाकडे चालल्या होत्या. ओड्मुंड बादली घेऊन धावला. घराकडे नाही, भिंतीकडे.

"ओड्मुंड, घर इकडे आहे," तोरगुन म्हणाली.

"घराचा विमा आहे! स्टेइनार, अरे उभा काय राहिलास, एल्कसाठी कुणाला तरी बोलव!"

स्टेइनार सांगितलं ते काम करणारा माणूस. एल्कसाठी ज्याला बोलवायचं असतं, त्यालाच त्याने बोलावलं.

त्यामुळे अग्निशमन दलाच्या गाडीमागोमाग जखमी जनावरांच्या पथकाचा माणूसही आला, बंदूक आणि कुत्र्यासह.

"जनावर कुठे आहे?"

घामाने आणि पाण्याने निथळणाऱ्या ओड्मुंडने बादलीनेच भिंतीकडे बोट दाखवलं. कुत्र्याने एल्कचे पाय हुंगले आणि एक पाय वर केला. माणूस बराच वेळ पाहत राहिला.

"याला काही यातना होत नसाव्यात," असं म्हणून त्याने बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं.

धुराड्यातला थर जळून संपला. घर वाचलं. "साफसफाई आणि तपासणी झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही," असं बजावून अग्निशमन अधिकारी वाफल खाऊन गेला. पुढचे काही दिवस दोघं विजेच्या छोट्या हीटरपुढे पाळीपाळीने बसली. ओड्मुंड हातमोजे घालून वर्तमानपत्राची पानं उलटायचा, म्हणजे ती उलटत नसतच.

मग धुराडं साफ करणारा आला. बादल्या भरभरून काजळी काढली, दिवा सोडून आत तडे शोधले.

"या वेळी टिकलंय. पुन्हा पेटलं तर टिकेल असं मी लिहून देणार नाही. कोरडंच लाकूड जाळा." जाताना तो फाटकाशी थबकला. "हा सुरेख जमलाय हो, काका."

त्याची गाडी वळणाआड गेली. तोरगुनने रिकामी टोपली चुलीसमोर ठेवली. बोलण्यासारखं होतं ते तिचं तीन हिवाळे बोलून झालं होतं.

ओड्मुंड खिडकीत उभा होता. त्याच्या श्वासाने काच धूसर व्हायची, मग तो ती बाहीने पुसायचा.

"शेपटीकडून नाही का काढता येणार?"

"मधूनच काढलंस तर सगळी भिंत अंगावर येईल. तूच लोकांना सांगतोस. वरून काढायचं."

वर शिंगं होती. ओड्मुंडने पुन्हा काच पुसली. तोरगुनने तिसरा स्वेटर डोक्यातून घातला आणि डोकं बाहेर येईपर्यंत ओड्मुंड टोपली उचलून दाराशी पोचला होता.

"शिंगं आणतो," तो म्हणाला.