बसा मागं

तातेराव तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होते आणि त्यांची साखर वाढली होती. या दोन्ही गोष्टींत नवल काहीच नाही. पण याच साखरेने त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापासून नेला होता. त्यामुळे "अक्षय तृतीयेपर्यंत साखर उतरली नाही तर सुई सुरू करावी लागेल, आणि पायाचंही सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तातेराव मनापासून घाबरले. कॉलेजात असताना ते कुरुंद्याहून वसमतला रोज सायकलने यायचे. तोच दम पुन्हा कमवायचा ठरवून त्यांनी माळ्यावरची सायकल खाली काढली.

पहिल्या सकाळी दोन किलोमीटर झाले नसतील, तोच शेजारी एक मोटारसायकल थांबली.

"तातेराव, काहून सायकलवर? गाडी बंद पडली का?"

"न्हाई हो, तब्येतीसाठी चालवून राहिलो."

"आमाला परकं समजता का? बसा मागं!"

सायकल मागून येणाऱ्या हळदीच्या टेम्पोत चढवण्यात आली. आठवडाभरात तातेरावांना नऊ जणांनी घरपोच केले. रविवारी त्यांचा मेहुणा डोंगरकड्याहून धावत आला. "भाऊजी, काई तकलीफ आसंल तर सांगायचं. लोकं मला फोन करून राहिले!" आपल्याकडे एकट्याने सायकल चालवणाऱ्या माणसाला व्यायाम नसतो, परिस्थिती असते.

कर्मचाऱ्याच्या सायकलमुळे कार्यालयाच्या प्रतिष्ठेस बाधा येत असल्याची बाब साहेबांच्या निदर्शनास आली. साहेबांनी तातडीने परिपत्रक काढले, 'वसंतकालीन सामूहिक सायकल भ्रमण व तंदुरुस्ती पुनःप्राप्ती अभियान'. सोबतच्या अर्जात एक रकाना होता: तंदुरुस्ती गमावल्याचा दिनांक व ठिकाण. तातेरावांनी प्रामाणिकपणे लिहिले, 'सन १९९६ पासून, टेबल क्रमांक चार'. अर्ज वस्तुस्थितीस धरून नसल्याच्या शेऱ्यासह परत आला. मग त्यांनी ठिकाण 'अज्ञात' लिहिले आणि मंजुरी मिळाली.

नियम एकच होता. रांग सेवाज्येष्ठतेनुसार राहील व साहेबांच्या पुढे कोणीही जाणार नाही. साहेबांनी शेवटची सायकल सातवीत चालवली होती. त्यामुळे अभियानाचा वेग असा काही राहिला की रांगेच्या शेवटचे तिघे कनिष्ठ लिपिक तोल न सावरून जागच्या जागी पडले. तेवढ्यात दुधाचे दोन कॅन लावलेल्या जुन्या सायकलवरून धनसिंग दूधवाला घंटी वाजवत सगळ्यांच्या पुढे निघून गेला. परतताना त्याला अडवून समज देण्यात आली की अभियानाच्या वेळेत अनधिकृत सायकल रस्त्यावर आणू नये.

"मंग तसं म्हशीला बी लिहून द्या," धनसिंग म्हणाला.

एकसारखे टी-शर्ट आणि हेल्मेट घातलेले चाळीस जण पाहून आता कुणालाच हळहळ वाटत नव्हती. उलट गावोगावी सत्कार सुरू झाले. भर उन्हात शाल, नारळ आणि पेढा. तातेराव तर अभियानाचे प्रेरणास्थान, म्हणून त्यांना दोन पेढे.

"मला साखर हाय हो," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"आमच्या गावचा पेढा वंगाळ हाय का?" सरपंचांचा चेहरा उतरला. तातेरावांनी दोन्ही खाल्ले.

नारळांचे ओझे वाढल्याने एक जीप घेण्यात आली. जीपमध्ये जागा उरते हे लक्षात आल्यावर पहिल्या दिवशी साहेब बसले, पुढे ज्येष्ठतेनुसार एकेक जण. पाचव्या दिवशी तातेरावांचा नंबर लागला. नकार दिला असता तर मागच्या सगळ्यांची ज्येष्ठता खोळंबली असती.

अभियानाचा अहवाल वेळेत वर गेला. चाळीसपैकी चाळीस जणांना तंदुरुस्ती परत मिळाली होती. त्याच दिवशी डॉक्टरांनी तातेरावांच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी लावली.

"लागलं का?"

"काय?" तातेरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी टाचणी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उद्यापासून सुई. आणि पाय शाबूत ठेवायचा असेल तर सायकल आता खरोखर चालवा."

दुसऱ्या सकाळी तातेराव अभियानाचा टी-शर्ट, हेल्मेट काही न घालता एकटेच निघाले. तीन किलोमीटर झाले. घाम आला, मांड्या भरून आल्या आणि किती तरी वर्षांनी त्यांना बरं वाटलं. समोरून धनसिंग आला. त्याने फक्त घंटी वाजवली आणि निघून गेला. शहाणा माणूस.

मग मागून एका मोटारसायकलचा ब्रेक लागला. तातेरावांनी नाही म्हटलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं, शेवटी हात जोडले. पण ऐकतील ते तुम्ही कसले? हो, ती मोटारसायकल तुमचीच होती. मन मोठं आहे तुमचं. तुम्ही त्यांना थेट दारात सोडलंत, सायकल ट्रॅक्टरमधून मागवलीत आणि त्यांच्या बायकोला, नीलाबाईंना, हळूच म्हणालात, "वहिनी, काई लागलं तर हाक मारा."

तुम्ही किक मारून निघून गेलात. तातेराव ओट्यावर बसून अंगठा चोळत राहिले.