आजोबा, जरा बाजूला

तोलोगोन दवाखान्यात शिरला तो मेंढीची अख्खी मांडी खांद्यावर टाकून. केंजेबेकने एका बाईच्या अक्कलदाढेतून डोकं वर काढलं आणि त्याला बाकावर बसायची खूण केली.

"दात नाही दुखत, डॉक्टर दादा," तोलोगोन उभ्यानेच म्हणाला. "फोटो हवाय. बाबांचा."

केंजेबेक दातांचा डॉक्टर होता तो पोटासाठी. जिवासाठी तो शेतांचे फोटो काढायचा. सात वर्षं दर रविवारी काराकोल शहरातून गाडी काढून तो तोलोगोनच्या वडिलांच्या, ओमुरकुल आजोबांच्या कुरणावर जायचा. गवताच्या गंजी, मातीचा वाकलेला गोठा आणि मागे बर्फाचा डोंगर, एवढंच त्याला हवं असायचं. हा छंद इतका अंगात भिनला होता, की घरी बायकोशी बोलतानाही तो तिच्या खांद्यावरून मागचं काहीतरी बघत असायचा. मागच्या हिवाळ्यात आजोबा गेले. आता वर्ष भरत आलं होतं. गावजेवण ठरलं होतं, त्याच दिवशी थडग्यावर दगड उभा राहणार होता, आणि दगडावर चेहरा कोरायचा तर फोटो पाहिजे.

"घरात एकही नाही?" केंजेबेकने विचारलं.

"पासपोर्टवर आहे. त्यात ते घोडा चोरताना सापडल्यासारखे दिसतात. आई म्हणते, असल्या माणसाला मी दारात उभं केलं नसतं. माझ्या मोबाइलमध्ये होते दोन-तीन, पण मोबाइल घोड्यासकट ओढ्यात गेला. घोडा तेवढा निघाला." तोलोगोन हसला. "पण तुम्ही काढलाय की! कोट घालून, पदकं लावून बसले होते ना? त्यानंतर नातवंडं मोबाइल घेऊन आली की म्हणायचे, 'पळा रे, माझा मोठ्या मशीनमधला फोटो काढून झालाय.' कुणालाच काढू दिला नाही."

केंजेबेकच्या हातातला चिमटा खाली पडला. खुर्चीतल्या बाईने उघड्या तोंडानेच दचकून वर पाहिलं.

"आहे ना," तो म्हणून गेला. "शुक्रवारी देतो."

त्या फोटोची कथा अशी होती. आजोबांच्या शेवटच्या शरदात केंजेबेक कुरणावर पोचला आणि त्यांनी त्याला घरात ओढलं. जेवल्याशिवाय पाहुणा सोडायची त्या घरात पद्धत नव्हती. त्याच्यापुढे मेंढीचं डोकं आलं. त्याचा कान कापून पोरांना देणं, बाकीच्यांना तुकडे वाटणं हे मानाच्या पाहुण्याचं काम. केंजेबेक वाटत होता आणि खिडकीतून डोंगरावरचं ऊन उतरताना बघत होता. एकदाचा तो सुटून बाहेर आला, तिपाईवर कॅमेरा लावला, डोंगर सोन्यासारखा पिवळा झाला, आणि नेमके त्याच वेळी आजोबा कोट घालून, मेंढ्या वाढवल्याबद्दल मिळालेली दोन पदकं लावून, डोक्यावर पांढरा काल्पाक, लोकरीची उंच टोपी, चढवून शेजारच्या ओंडक्यावर येऊन बसले.

"एक माझा घे रे डॉक्टर."

कॅमेरा वळवला असता तर ऊन गेलं असतं. केंजेबेकने कॅमेरा डोंगराकडेच ठेवला, तोंड आजोबांकडे केलं आणि जिभेने "खट्" असा आवाज काढला. "वा! झकास आला!" आजोबा खूश होऊन उठले.

मंगळवारी तोलोगोनचा फोन आला, की कोरणाऱ्याने काळा दगड आणलाय आणि चेहऱ्याची जागा सोडून नाव, सालं सगळं कोरून ठेवलंय. बुधवारी कळलं, की जेवणाच्या तंबूत लावायला माणसाएवढा मोठा फोटोही करायचाय. तोलोगोनच्या मामाने चौकट करून आणली. प्रत्येक फोनला केंजेबेक "आहे ना, आहे" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा बारीक होत होता.

शेवटी बायकोने, नुरिलाने, त्याला संगणकापुढे बसवलं. साडेतीन हजार फोटो निघाले. एका गंजीमागून काल्पाकचं टोक दिसत होतं. एकात कोपर होतं. एकात गोठ्याच्या कडेला एक गुडघा होता, एकात नुसती लांब सावली.

"अहो, सात वर्षांत हा माणूस एकदाही अख्खा नाही?"

"मध्ये यायचे ना ते. मी म्हणायचो, आजोबा, जरा बाजूला."

"त्यांच्याच शेतात?"

केंजेबेकने पुढचा फोटो उघडला.

गुरुवारी त्याची अक्कल पार गहाण पडली. कवळीचं माप द्यायला एक म्हातारे आले. तीच दाढी, तीच गालाची हाडं. केंजेबेकने कपाटातून आपला काल्पाक काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि कॅमेरा उचलला.

"हे काय?" म्हातारे म्हणाले.

"हिरड्यांची तपासणी."

"मग टोपी कशाला? आणि तोंड का मिटायला सांगतोस?"

आपण काय करतोय हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्याने कवळी फुकट करून द्यायचं कबूल केलं.

शुक्रवारी सकाळी तो आजोबांचा एखादा तुकडा दिसणारे अकरा फोटो छापून घेऊन कुरणावर गेला. तोलोगोनच्या आईने, बातिना आजीने, चहा ओतला, पाव पुढे केला.

"आजी, मी तुमचा गुन्हेगार आहे."

"आधी पाव तोड. गुन्हा पळून नाही जात."

त्याने पाव तोडला आणि सगळं सांगितलं. डोंगर, ऊन, जिभेचं "खट्". आजी बशीत फुंकर घालत ऐकत होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणाले, डॉक्टरने मशीन डोंगराकडेच ठेवलं होतं. मी म्हटलं, मग बोलायचं ना! तर मलाच दटावलं. 'गप, पाहुणा आहे. खजील होईल.'"

"पण मग सगळ्यांना का सांगत सुटले, फोटो काढून झालाय म्हणून?"

"तोलोगोन चारचौघांत विचारायचा ना, डॉक्टरने काढला का हो फोटो. नाही म्हटलं असतं तर तू खोटा पडला असतास. एकदा हो म्हटलं, मग म्हणतच राहिले. हट्टी माणूस."

इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेली आणि समोरचा माणूस काही केंजेबेकला दिसला नव्हता.

आजीने कागद चटईवर पसरले. "हे त्यांचं कोपर. हा गुडघा, डावा, दुखरा. अगंबाई, ही सावलीसुद्धा वाकडी चालतेय बघ!" ती हसत होती आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत होती. मग एका कागदावर तिचं बोट थांबलं. आजोबा एका हाताने काल्पाक धरून लगबगीने चौकटीबाहेर निघाले होते. पाठ पूर्ण दिसत होती. "हा. हाच कोरायचा."

कोरणाऱ्याने कपाळाला हात लावला. "आजी, अख्ख्या गावात पाठमोरा दगड नाही!"

"नसू दे. जन्मभर मी तीच बघितली. सकाळी कुरणावर जाताना."

वर्षाच्या दिवशी दगड उभा राहिला. लोक पुढून आले, मागे जाऊन चेहरा आहे का ते बघून परत आले, आणि जेवायला बसले.

जेवणं झाल्यावर केंजेबेकने गाडीतून कॅमेरा काढला. आजी गोठ्यापाशी ओंडक्यावर टेकली होती. त्याने या वेळी तिपाई लावली नाही, डोंगराकडे पाहिलंही नाही. कॅमेरा सरळ तिच्यावर धरला.

आजी चटकन उठली आणि बाजूला झाली.

"आजी, बसा ना! तुमचाच काढतोय."

"कळलं रे. म्हातारीचं मन नको राखूस." ती गंजीच्या आडोशाला सरकली. "तुझं ऊन चाललंय बघ. घे लवकर."

केंजेबेक कॅमेरा घेऊन गंजीला वळसा घालून गेला. आजी पलीकडून आणखी मागे सरकली. त्याने पुन्हा वळसा घातला, तीही पुन्हा सरकली, पाहुण्याची अडचण नको म्हणून, दुखऱ्या पायांनी, जमेल तेवढ्या घाईने. तो थांबला तेव्हा त्याच्यासमोर गंज होती, गोठा होता, मागे पिवळाधमक डोंगर होता, आणि मध्ये कोणी नव्हतं.