लोहकरे आहात का?

एखाद्याला ‘आडनाव काय?’ असं विचारता, तेव्हा तुम्हाला खरं तर काय जाणून घ्यायचं असतं?

खोटं बोलू नका. पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं, खुर्ची द्यायची की नाही, हे आपण त्या एका प्रश्नावर ठरवत आलो. म्हणून मी कॉलेजातच आडनाव टाकून दिलं. आणि म्हणूनच आळेफाट्यावर खोली घेतली त्या दिवशी शेजारच्या पंक्चरवाल्या किसनतात्यांवर माझं डोकं फिरलं. माझी ट्रंक अजून रिक्षातच होती.

“ताई, आडनाव?”

“लावत नाही.”

“न्हाई लावत?” तात्यांनी टायरमधून मान वर काढली. “मंग पोस्टमन काय करतो, राव?”

मी त्यांना जातीव्यवस्थेवर दहा मिनिटं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले आणि म्हणाले, “त्ये समदं बराबर हाय. पण टाकायच्या आधी तुमी लोहकरे व्हता का?”

“नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या.” माझ्यातला त्यांचा रस तिथेच संपला.

पुढे कळलं, तात्या सगळ्यांनाच विचारतात. नाशिकच्या एसटीचा कंडक्टर, नगरकडे निघालेले ट्रकवाले, ओझरच्या गणपतीला चाललेली मंडळी. गाडी जॅकवर चढली की, “लोहकरे हाय का तुमच्यात कुणी?” निघाला तर आताशा पंक्चर फुकट, वर चहा. ही बातमी हायवेभर पसरली आणि महिन्याभरात फाट्यावर लोहकऱ्यांचं पीक आलं. एकदा पंजाबचे एक सरदारजी ट्रकमधून उतरले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “लोहकरे!”

तात्यांनी त्यांनाही चहा पाजला. “इतक्या लांबून आलंय पावणं. मन कशाला मोडा?”

खऱ्या लोहकऱ्यांचाही तोटा नव्हता. दर सोमवारी दुकान बंद करून तात्या तळेघरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर जायचे. पुढे वाडीपर्यंत बस मिळाली तर बस, नाहीतर पायी. परत येताना आडनावाची नवी कहाणी घेऊन यायचे. एका वाडीत सांगितलं, पूर्वज किल्ल्यावर लोखंडाची कामं करायचे. दुसऱ्या वाडीत म्हणाले, छे, आमच्या मूळपुरुषाचं मनगटच लोखंडाचं होतं. तिसऱ्या वाडीतल्या म्हाताऱ्याने पहिल्या दोन्ही वाड्यांना थापाडे ठरवलं आणि स्वतःला काहीच माहीत नाही, हे अभिमानाने सांगितलं.

“समदे लोहकरेच,” तात्या चपला काढत म्हणायचे, “पण आपले न्हाईत.”

“आपले म्हणजे? भाऊकी बघता ना शेवटी?” मी एकदा फणकारले.

तात्या उठले. मला दुकानामागच्या खोलीत घेऊन गेले. खाटेवर नव्वदीची म्हातारी नाचणीची भाकरी दुधात कुस्करत बसली होती. त्यांची आई, गऊबाई. माहेरची लोहकरे. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. भाऊ वारला, भाचे पोटामागे कुठे पांगले ते सांगायलाही कोणी उरलं नाही. पाणी अडवणाऱ्यांनी शेतं मोजली, घरं मोजली. सासरी गेलेल्या लेकींचं माहेर बुडालं, ते कुठल्या कागदावर लिहिलं?

“बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं म्हायेरचं लागतं, ताई,” तात्या हळूच म्हणाले. “दुकानात मिळतात की ढिगानं. पण आणायला तिच्या भावाचं कुणीतरी पायजे ना? त्याबिगर कशी धाडू तिला?”

म्हातारीचे कान तिखट होते. “आन् मेल्यावं नेसून दावू कुणाला? सरणाला?” ती कडाडली. “धा वर्सं ह्येच लावलंय यानं! आरं, माझ्या दादाचं पोरगं गावलं तर मी जिती हाय तवर आण. तोंड बघू दे. नाक दादावानी हाय का, येवढंच बघायचंय.”

तात्या खाली मान घालून बोटांवरचं ग्रीस पुसत राहिले. ते निघत नव्हतं.

तर लोहकरे मंडळी, तुमचं घर धरणात गेलं असेल आणि गऊ नावाची आत्या आळे गावाकडे दिली होती असं घरात कधी कानावर आलं असेल, तर याच आठवड्यात फाट्यावर उतरा. पंक्चरवाले तात्या कोणीही दाखवेल. लुगडं आणलंत तर उत्तम. रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल, पण म्हातारी खाटेवर उठून बसते आहे तोवर या.