अंगणातला समुद्र

"आवं व्याही, मिसरूड फुटायच्या आदी कृष्णेला पाणी पाजलंय मी! तुमचा समुद्र काय मला शिकिवणार?"

इस्लामपूरच्या सुभेदार नाथाजींनी हे वाक्य फोनवर इतक्या जोरात फेकलं, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. पलीकडे होते कोकणातले होणारे व्याही, चिंतामणराव. त्यांनी बिचाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, की नाथाजींच्या लेकीच्या, राजेश्वरीच्या साखरपुड्याला घाटावरची मंडळी बसनं येणार की गाड्या करून? झालं! सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत ओळीनं सहा वर्षं ढाल जिंकलेला माणूस, आणि समुद्राकाठच्या सोयऱ्याच्या दारात बसमधनं उतरणार?

"पाव्हणं बसनं येतील. नवरी येणार होडीनं! माझ्या होडीनं!"

"या की," चिंतामणराव म्हणाले, "पण जपून हो. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. भरतीला दिसत नाहीत आणि ओहोटीला होडी सोडत नाहीत. सात आहेत, लिहून घ्या. मुहूर्त बारा दहाचा. आमच्या जयराजची बोट दुसऱ्याच दिवशी सुटते, मग पोरगा आठ महिने परदेशात. हुकला तर हुकला!"

फोनच्या स्पीकरवर हे ऐकून राजेश्वरीचा चेहरा पांढऱ्या रश्श्यासारखा झाला.

"अप्पा, मोबाईलवर सगळं दिसतंय की! वाट, पाणी, भरती..."

"मोबाईल बघून तुजा बाप लढला न्हाई! फौजेत कामगिरीच्या आदी वाळूत नकाशा मांडत्यात. तसाच मांडायचा!"

दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रॉलीभर वाळू पडली. नाथाजींनी खाडी कोरली, कपड्यांची नीळ टाकून समुद्र केला, ओहोटीची ओढ दाखवायला लाल दोरा अंथरला. खडकांच्या जागी दगड. पण दांडे कशाचे करायचे? वाळूत वाळू दिसणार कशी? मग त्यांनी गुऱ्हाळातनं आलेली गुळाची ढेप फोडली, मोजून सात खडे ठेवले आणि उरलेला गूळ व्याह्यांकडं पाठवून दिला. पिवळेधमक! भोवतीनं मुंग्यांच्या खडूची रेघ मारली. होडीवरचा पहिला गडी पप्पू, नाव पप्पू आणि वजन शंभर किलो, त्यानं लगेच त्या समुद्राशेजारी आडवा होऊन फोटो काढून घेतला.

चार दिवस सहाही गडी त्या नकाशाभोवती वल्ही मारल्यासारखे हात हलवत फिरत होते. गल्लीतली माणसं बघायला यायची. एका म्हातारबुवानं तर खाडीत दोन रुपये टाकून नमस्कारही केला!

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची उजळणी ठरली. अंगणात दहा माणसं. नाथाजी हातात ऊस घेऊन समुद्र दाखवतायत. मान न वळवता ते ओरडले, "आगं, च्या टाक! आन् गोड कर जरा, सोयरीक हाय!"

त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी चहा आणला. नाथाजींनी दोन कप मारले. "झकास!" म्हणाले. मग दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. "च्या पावडरीत लय भेसळ कराय लागल्यात," असं म्हणून ते परत समुद्राकडं वळले आणि एकदम ताठ उभे राहिले.

"आरं गड्यांनो! ह्यो बघा! हितनं सरळ वाट हाय की! चार दिस वळसा घालतुया आपुन!"

खरंच होतं. खाडीच्या तोंडाशी मधोमध मोकळी वाट. नाथाजींनी लाल दोरा उचलून त्या वाटेवर सरळ टाकला.

"बारा मिंटं वाचली! ह्याला म्हंत्यात डोकं! पप्पू, काढ ह्यो फायनल फोटो. उद्या ह्योच बघून जायाचं."

साखरपुड्याच्या दिवशी, ट्रकातनं घाट उतरून आलेली होडी साडेआठला खाडीत उतरली. नाथाजी पुढं, फेटा बांधून. मागं विजयमालाबाई, नऊवारीतली राजेश्वरी, साखरेचा पुडा आणि सहा गडी. ओहोटीची ओढ अशी, की वल्ही मारायचीही गरज नाही. नाथाजी फोटोकडं बघत हुकूम सोडत होते.

"डावीकडं दांडा! चुकला! उजवीकडं दांडा! चुकला! आता मधनं सरळ! एकदम मोकळं हाय, हाणा!"

गड्यांनी हाणलं.

खर्रर्रर्र!

होडी जागच्या जागी थांबली. नाथाजी थांबले नाहीत. ते फेट्यासकट पुढच्या पाण्यात गेले आणि उभे राहिले, तर पाणी गुडघ्याएवढं!

"असं कसं?" नाथाजींचे डोळे लिंबाएवढे झाले. "हितं तर समुद्र हाय!"

"समुद्र हाय, पर खोली न्हाई," पप्पू म्हणाला.

"उतरा! ढकला!"

सहा गडी उतरले. पप्पू उतरला तसा पोटरीपर्यंत रुतला, मग त्यालाच ढकलावं लागलं. पाणी गुडघ्यावरनं घोट्यावर आलं. मग घोट्याखाली. मग गेलंच! डोळ्यांदेखत समुद्राच्या मधोमध पिवळ्या वाळूची पट्टी वर आली, आणि तिच्यावर होडी बैल बसावा तशी बसली.

"सुबेदार, धरणावर फोन लावा," एक गडी म्हणाला. "जरा पाणी सोडा म्हणावं."

"कंच्या धरणावर, गाढवा!"

राजेश्वरी होडीतच उभी राहिली. समोर किनाऱ्यावर मांडव दिसत होता. बसनं आलेले पाहुणेही दिसत होते. सगळे वेळेवर!

"अप्पा, आठ महिने! त्यो उद्या जाणार. मी काय हितंच बसू? बगळ्यांत?"

तेवढ्यात पप्पू मोबाईलमधले दोन फोटो मागंपुढं करत म्हणाला, "सुबेदार, माज्या झोपल्याल्या फोटूत दांडं सात हायत. फायनलमदी सहाच!"

"सहा? सातवा गेला कुटं?"

पप्पूनं फोटो मोठा केला. कोपऱ्यात चहाचा ट्रे दिसत होता.

सगळी होडी विजयमालाबाईंकडं वळली.

"असं काय बघताय?" त्या उसळल्या. "डब्यात गुळाचा कण न्हाई, दारात धा माणसं, आन् तुमी वरडताय गोड कर! एक खडा उचलला. धुऊन घेतलावता की मी!"

नाथाजींना दाताखालचं ते कचकन आठवलं. दोन कप. म्हणजे ज्या दांड्यावर ते उभे होते, त्याचा सगळ्यात मोठा वाटा त्यांच्याच पोटात गेला होता!

त्यांनी गप फोन काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजाऱ्याला ऐकू गेला नाही.

"व्याही... तुमचा सातवा दांडा... आमाला गावला."

पलीकडं बराच वेळ नुसतं हसणं. मग चिंतामणराव म्हणाले, "तिथंच थांबा. तसेही कुठं जाणार म्हणा!"

बारा वाजता दोन छोट्या होड्या आल्या. त्यांत जयराज, गुरुजी, पाट आणि नारळ. वाळूवर पाट मांडले. बारा दहाला अंगठी बोटात गेली. राजेश्वरी हसली आणि नाथाजींनी डोळे पुसले. तेवढ्यात गुरुजींच्या सोवळ्याला पाणी लागलं.

"भरती!" गुरुजी किंचाळले, आणि उरलेले मंत्र त्यांनी असे म्हटले, की लिलावातला माणूस लाजावा. शेवटच्या आशीर्वादाला पाट तरंगत होते आणि साखरेचा पुडा पप्पूच्या डोक्यावर होता.

किनाऱ्यावर पोचल्यावर विहीणबाई हसत पुढं आल्या. "भिजलात हो अगदी! गरम चहा घ्या. तुमच्याकडचाच गूळ घातलाय!"

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कोरा द्या. बिनगोडाचा," नाथाजी म्हणाले. मग पप्पूच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"बसमदी एक शीट हाय का बग."