ज्याची गोळी त्याच्या कप्प्यात

घरातल्या सगळ्यांची औषधं एकाच डब्यात नीट लावून ठेवायची, एवढंच मी ठरवलं होतं. मी काही ठरवू नये, असं बायको मला लग्नापासून सांगत आली आहे. पण गेली एकतीस वर्षं मी पाणीखात्याच्या रेकॉर्ड विभागात कारकून आहे. शहरातल्या कुठल्याही नळाची फाइल मी दोन मिनिटांत काढून देतो. (नळाला पाणी का येत नाही, हे मात्र फायलीत नसतं.) असा माणूस घरातल्या टेबलावर विखुरलेली पाकिटं किती दिवस बघत बसणार?

त्या पाकिटांमधलं सगळ्यात महत्त्वाचं पाकीट माझ्या लेकीचं. लेक वीस वर्षांची. तिच्या तोंडावर मुरमं आली होती, आणि ती काही चार दिवसांनी जाणारी साधी पुटकुळी नव्हे. गालांवर, हनुवटीवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी. हात लावला की कळवळायची. गाठ बरी झाली की खड्डा ठेवून जायची. मलमं झाली, लेप झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले झाले. कॉलेजात ती शेवटच्या बाकावर बसायला लागली, फोटोत कुणाच्या तरी मागे उभी राहायला लागली आणि एक दिवस न्हाणीघरातला आरसा तिने टॉवेलने झाकून टाकला. मी दाढी करायला गेलो आणि टॉवेलकडे बघत अर्धी दाढी केली. तो काढायचा मला धीर झाला नाही.

मग आम्ही त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई बोलायला मोजक्या. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि लेकीशी अर्धा तास एकटीशी बोलल्या. (जिच्या जन्मदाखल्याच्या तीन झेरॉक्स माझ्या पाकिटात असतात, तिच्याशी बोलताना मी बाहेर!) नंतर मला आत बोलावलं.

"औषध पोटातून घ्यायचं आहे. रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. फार गुणकारी आहे आणि तितकंच कडक आहे. जेवणाबरोबर घ्यायचं. ओठ कोरडे पडतील, उन्हाने त्वचा लगेच भाजेल. दर महिन्याला रक्त तपासायचं. यकृत, चरबी आणि गर्भधारणा."

"गर्भ…?" मी खुर्चीवरून उठलो.

"बसा. हे औषध घेणाऱ्या प्रत्येकीची ती तपासणी होते. गर्भाला या औषधाने भयंकर इजा होते, म्हणून. तुमच्या मनात आलं ते नाही."

"माझ्या मनात काहीच आलं नव्हतं," मी म्हणालो.

"बाबा, खाली बसा ना," लेक म्हणाली.

"आणि रक्तदान करायचं नाही, दुसऱ्या कुणाला गोळी द्यायची नाही, गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेवायच्या, कुलपात. स्वभावात फरक वाटला, उदास वाटली, तर लगेच मला फोन करायचा."

ही शेवटची सूचना मी फारच मनावर घेतली. तिसऱ्याच दिवशी फोन केला.

"मॅडम, ती दार आपटून गेली."

"आधी कधी आपटायची नाही का?"

"आपटायची. रोजच."

"मग ते औषधामुळे नाही. ती हसेनाशी झाली, जेवेनाशी झाली, एकटी कोंडून घ्यायला लागली, तर मात्र अर्ध्या तासात फोन करा. तेव्हा संकोच करू नका."

पहिले काही आठवडे मुरमं कमी व्हायची सोडून वाढलीच. असं होतं म्हणे सुरुवातीला. लेक मात्र दात आवळून रोज दुपारी जेवणानंतर गोळी घ्यायची आणि ओठांना मलम फासून कॉलेजला जायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. तो मी बोलून दाखवला नाही. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही, आम्ही थेट डबा आणतो.

डबा आणायचं तात्कालिक कारण म्हणजे मेहुणी. बायकोची धाकटी बहीण, चौथा महिना, नवरा कामानिमित्त परगावी. म्हणून ती मंगळवारी आमच्याकडे राहायला आली, येताना लोहाच्या कॅप्सूल घेऊन. शिवाय माझ्या गुडघ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्याच. झाली की तीन खाती! मी त्याच संध्याकाळी दुकानातून एक सुंदर डबा आणला. पांढरा, आत एकाखाली एक असे तीन सरकते ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये सात कप्पे, सात वारांचे. डब्याच्या बाहेरून मी माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. वर लेक, मधे मेहुणी, खाली मी.

"डॉक्टरांनी पाकिटातच ठेवायला सांगितलंय ना?" बायकोने विचारलं.

"अगं, ते अव्यवस्थित लोकांसाठी असतं," मी म्हणालो.

हे वाक्य बायकोने पुढे आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं आहे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार सुरळीत गेले. शनिवारी मला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मला स्वच्छतेची लहर येते. (बायको तिला दुसरा शब्द वापरते.) मी डबा पुसायला घेतला. तिन्ही ट्रे बाहेर काढले, डबा आतून लख्ख केला, ट्रे परत सरकवले आणि स्वतःवर खूश होऊन पेपर वाचत बसलो.

दुपारी बारा वाजता जेवणं झाली. मेहुणीने डबा उघडून आपली गोळी घेतली, माझ्याकडे बघून हसली आणि पाणी प्यायली. मी पेपरवरची नजर न हलवता खालच्या ट्रेमधून माझी काढली आणि गिळली. लेक शेवटी आली. तिने वरचा ट्रे ओढला आणि थांबली.

"बाबा, हे पिवळं काय आहे?"

"तुझी गोळी."

"माझी लहान असते. नारिंगी. ही तुमची माशाची आहे."

मी पेपर खाली ठेवला. डब्याकडे पाहिलं. चिठ्ठ्या डब्यावर होत्या. ट्रेवर चिठ्ठ्या नव्हत्या. तिन्ही ट्रे एकसारखे, पांढरे, सज्जन दिसत होते. माझा ट्रे वर गेला होता. आणि लेकीचा मधे.

मधला ट्रे मेहुणीचा.

एकतीस वर्षांत माझ्या हातून एक फाइल चुकीच्या कपाटात गेलेली नाही. बायकोने माझं तोंड पाहिलं, डबा पाहिला आणि काही न विचारता भिंतीला टेकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मेहुणी तेवढ्यात हात धुवायला आत गेली होती. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी आधी "काय ताई?" असंच विचारलं.

"एकच गोळी ना? नक्की गिळली?" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "एक असली तरी आम्ही हे हलक्यात घेत नाही. त्यांना घेऊन लगेच या. डबा, सगळी पाकिटं, सगळं आणा. घरगुती उपाय काही करू नका. त्यांच्या प्रसूतीच्या डॉक्टरांचा नंबरही आणा."

"हिला आत्ताच सांगायचं?" बायकोने मला कुजबुजत विचारलं.

"नको, घाबरेल. डॉक्टरांसमोरच सांगू." (हा माझा त्या दिवशीचा दुसरा निर्णय.)

"सांगायला पाहिजे बाबा! तिचं बाळ आहे!" लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मेहुणी पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही! काहीही नाही!" मी ओरडलो. "जरा दवाखान्यात जाऊन येऊ. सगळेच. सहज."

"सहज?"

"तू बोलू नकोस. श्वास घे. बस. नको, बसू नकोस, चप्पल घाल. थांब, मी घालतो."

"भावोजी, मला वाकता येतं अजून."

टॅक्सीत मी पुढे बसून मागे वळून तिला घडी केलेल्या पेपरने वारा घालत होतो. खिडक्या उघड्या होत्या, वाऱ्याने तिचे केस आधीच उडत होते. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. लेक हुंदके देत होती. मेहुणीला वाटलं, रिपोर्ट लेकीचा वाईट आला आहे आणि आम्ही तिच्यापासून लपवतोय. तिने लेकीला जवळ ओढलं.

"रडतेस काय? मला बघ, मला पंधराव्या वर्षी एवढं होतं. आता आहे का कुठे?"

"मावशी, मी गोळ्याच बंद करते. मला नको तो चेहरा. असाच राहू दे."

"गप! एवढे दिवस सोसलंस ते उगीच? चेहरा तुझा आहे, ठरवायचं तू. पण रडत रडत नाही ठरवायचं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात बहिणीच्या गुडघ्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. आपण एक डबा विकत आणतो आणि तीन बायकांची ही अवस्था करतो, हे बघून मला टॅक्सीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहावंसं वाटलं. पण मीटर चालू होता आणि दवाखाना आला होता.

डॉक्टरबाईंनी मेहुणीला समोर बसवलं आणि सगळं सरळ, शांतपणे सांगितलं. डबा पुसला, ट्रे बदलले, मधल्या ट्रेमध्ये कुठली गोळी होती. मी खोलीतल्या वजनकाट्याकडे बघत होतो.

"आता मला सांगा, दुपारी तुम्ही ती गोळी चावली की गिळली?"

मेहुणी आधी पांढरी पडली. मग लाल झाली. मग बहिणीकडे बघत एकदम लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "घेतलीच नाही."

"काय?"

"त्या लोहाच्या गोळ्यांनी मला मळमळतं. ताई ओरडेल म्हणून मी मुठीत ठेवते आणि नुसतं पाणी पिते. बुधवारपासून."

तिने पर्स उघडली आणि रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार कॅप्सूल होत्या. तीन मोठ्या, तपकिरी. चौथी लहान, नारिंगी. अखंड. डॉक्टरबाईंनी ती पेनाच्या टोकाने फिरवून फिरवून पाहिली, लेकीच्या पाकिटातल्या गोळीशी ताडून पाहिली आणि मोठा श्वास सोडला.

"हीच. पोटात गेलेली नाही. काहीही झालेलं नाही."

बायकोने बहिणीला मिठी मारली आणि मिठीतच तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "लबाड! लहानपणीही हेच करायची!" दोघी रडत होत्या, हसत होत्या. लेकीने तोंडावरचा मास्क काढून डोळे पुसले. मुरमं झाकायला घराबाहेर तो नेहमी असायचा. त्या क्षणी तिला मुरमांची आठवणच राहिली नव्हती.

"लोह सोसत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, त्या दुसरं देतील. रुमालात जमवू नका," डॉक्टरबाई मेहुणीला म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "तुझं चालू ठेवायचं?"

लेकीने मावशीकडे बघितलं. "ठेवायचं. आजची राहिली. उद्या दोन घेऊ?"

"अजिबात नाही. राहिली ती राहिली. आणि ही रुमालातली इथेच ठेव, ती आता कुणी घ्यायची नाही."

मी खुर्चीत सैल झालो. संकट टळलं होतं. जरा मोठेपणाने म्हणालो, "शेवट गोड तर सगळं गोड."

"एक मिनिट," डॉक्टरबाईंनी डबा पुढे ओढला. "तुमचा ट्रे वर गेला. मुलीचा मधे आला. मग मधला, यांचा ट्रे, कुठे गेला?"

लेकीने खालचा ट्रे ओढून पाहिला.

"खाली," लेक म्हणाली.

"आणि खालची गोळी कुणी घेतली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही, दुसरं कुणी दिसतं का, म्हणून मागे पाहिलं.

"गरोदरपणातली लोहाची गोळी," बायको सावकाश म्हणाली. "अहो, कितवा लागला?"

डॉक्टरबाई हसल्या. त्या हसतात, हे मला तेव्हा कळलं. "एका गोळीने तुम्हाला काही होणार नाही. जड काही उचलू नका."

त्या दिवसापासून पाकिटं लेकीच्या कपाटात कुलपात गेली, किल्ली तिच्या गळ्यात. डबा बायकोने सुयादोऱ्यांसाठी घेतला. मेहुणीला पुढे गुटगुटीत मुलगी झाली. लेकीचे उपचार सहा महिने चालले. ओठ फुटले, नाकातून एकदा रक्त आलं, पण दर महिन्याचे रिपोर्ट चांगले आले आणि एकेक गाठ विरत गेली. चार-दोन खुणा राहिल्या आहेत, त्यांचं तिला काही वाटत नाही. परवा न्हाणीघरातून ओरडली, "बाबा, आरशासमोरून हला, मला उशीर होतोय!" मी हललो. इतक्या आनंदाने मी कधी कुणाला जागा दिली नसेल.

शेवटच्या भेटीत डॉक्टरबाईंनी अजून महिनाभर पाळायची पथ्यं सांगितली आणि लेकीची फाइल घरी ठेवायला दिली. फाइल म्हटल्यावर मला राहवेना. नीट क्रमवार लावून ठेवावी म्हणून मी ती घरी उघडली. प्रत्येक महिन्याच्या चिठ्ठीवर, सहाच्या सहा, खाली लाल शाईने एकच ओळ होती. चिठ्ठी नेहमी लेकच दुकानात द्यायची; गेले सहा महिने औषधाच्या दुकानातला माणूस मला बघून का हसायचा, त्याचा उलगडा झाला.

"औषध कोरड्या जागी, उन्हापासून व वडिलांपासून दूर ठेवावे."

सहाच्या सहा चिठ्ठ्यांवर कशी, म्हणून मी पुन्हा पाहिलं. पहिल्या चिठ्ठीवरची तारीख डबा घ्यायच्या कितीतरी आधीची होती.