आवाज खणखणीत

पाच वाजायच्या आधीच बाबांनी आईला मिक्सर लावायला बंदी केली, दारावरच्या बेलचं बटण टेप चिकटवून गप्प केलं आणि हेडफोन कानांवर चढवून ते टेबलाशी ऐटीत बसले. टेलिफोन एक्सचेंजमधल्या निवृत्त सहकाऱ्यांना त्यांनी आज गप्पांना बोलावलं होतं. घरी नव्हे, सर्व्हरवर.

सर्व्हर त्यांच्या लेकीचा. चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या, पुस्तकाएवढ्या डबीत तिने तो उभा केला होता. कुणीही कुठूनही यावं आणि मांडीला मांडी लावून बसल्यासारखं बोलावं. बाबांना त्याचा इतका अभिमान, की मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी ती डबी दाखवली होती. लेकीला मात्र ते एवढंच म्हणत, "चपलांना जागा कमी पडते."

आजच्या घाटाला कारण होतं. मागे एका निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, "मुलगी काय करते हल्ली? घरीच असते, नाही का?" ते 'घरीच' बाबांच्या फार जिव्हारी लागलं. लेक घरी बसून काय करते, ते साहेबांच्या कानांवर घातल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं, आणि तेही तिच्याच सर्व्हरवरून.

लेकीने आदल्या दिवशी एकदा सुचवून पाहिलं होतं. "बाबा, तुमचा प्रोग्राम फार जुना झालाय. नवा टाकून देते. त्याचा कोडेक वेगळा असतो."

"कोडेक म्हणजे?"

"आवाजाचं गाठोडं बांधायची पद्धत. बोलणाऱ्याने जशी गाठ मारली, तशी ऐकणाऱ्याला सोडवता आली पाहिजे. तुमच्या प्रोग्रामला फक्त जुनी गाठ येते. मोबाइलवरच्यांना फक्त नवी."

"दोन्ही एकत्र आले तर?"

"सर्व्हर डोकी मोजतो. जे जास्त, त्यांची गाठ. बाकीच्यांना काही ऐकू येत नाही, त्यांचं बोलणंही कुठे पोचत नाही."

"मग चिंताच मिटली. सगळे माझाच प्रोग्राम वापरणार आहेत, मी पाठवलाय." तो प्रोग्राम बाबांनी कुणालाही न विचारता स्वतःच्या हाताने टाकला होता. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

पाचच्या ठोक्याला ट्रंककॉल आले. शेजारच्या माणसाशीही ते परगावी बोलल्यासारखे ओरडून बोलत, म्हणून हे नाव. मग राँगनंबर आले, त्यांची ख्याती नावातच होती. शेवटी चौकशीताई. "अगदी शेजारी बसल्यासारखं वाटतंय हो," ताई म्हणाल्या, आणि बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

मग साहेब आले. साहेबांमागोमाग त्यांच्या पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई आणि नात, जो तो आपापल्या मोबाइलवरून. बाबांनी निमंत्रणात सवयीने 'सहकुटुंब' लिहिलं होतं आणि साहेब लेखी आदेश अक्षरशः पाळणारे.

सर्व्हरने डोकी मोजली.

बाबांच्या कानांत एकदम सन्नाटा पसरला. पडद्यावर साहेबांच्या नावापुढचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे साहेब बोलत होते. बाबांनी हेडफोन दाबून पाहिला, झटकून पाहिला. त्यांचा डावा कान बरेच दिवस दगा देत होता, आज उजव्यानेही साथ सोडली असं त्यांनी ठरवून टाकलं. घाबरगुंडीत लेकीची ती गाठोडी त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेली. लोकांची कुजबुज ऐकून लाइनी जोडण्यात ज्याची हयात गेली, त्याने साहेबांसमोर "मला ऐकू येत नाही" म्हणायचं? त्यांनी सावधपणे टाइप केलं, "माझा आवाज येतोय ना?"

"खणखणीत," ट्रंककॉलनी लिहिलं.

"एकदम क्लिअर," चौकशीताईंनी लिहिलं. कानातलं यंत्र दोनदा काढून पुसल्यावर त्यांनी हे लिहिलं होतं, ते नंतर कळलं. राँगनंबरनी नुसताच अंगठा दाखवला. आणि लाइनीत बिघाड आहे हे उभ्या नोकरीत एकदाही कबूल न केलेल्या साहेबांनी लिहिलं, "लाइन उत्तम. बोला."

बाबा बोलू लागले. स्वतःचाच आवाज नीट ऐकू येईना, म्हणून ते अधिकाधिक वरच्या पट्टीत गेले.

"मंडळी, आपण जन्मभर तारा जोडल्या, पण त्या तारा खात्याच्या होत्या. माझ्या लेकीने अख्खं एक्सचेंज स्वतःच्या डोक्यातून काढलं आणि चपलांच्या कपाटावर बसवलं. साहेब, तुम्ही म्हणालात ती घरीच असते. हो, असते. मी तिच्या खोलीबाहेर पेपर वाचायचं नाटक करतो आणि तिचा कीबोर्ड ऐकत बसतो. एवढी हुशार पोर आपल्या घरात कशी जन्मली, याचं मला रोज नवल वाटतं. तिला सांगायला जमत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

त्यांनी घाम पुसला. पडद्यावर शाबासकीचा पाऊस पडला. "अप्रतिम." "डोळे भरून आले." साहेबांनी तर "शब्दच नाहीत" असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. छाती फुगवून बाबा वळले, तर दारात लेक.

"बाबा, मी हेच सांगायला आले होते. मोबाइलवाले जास्त झालेत. तुमचं एक अक्षरही तिकडे पोचलेलं नाही."

"मग हे सगळे काय लिहितायत?"

"ते त्यांनाच माहीत."

बाबांनी जरा वेळ वायरचा गुंता सोडवला. "तू कधीपासून उभी आहेस?"

"खात्याच्या तारांपासून."

बाबांचे कान लालबुंद झाले. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही लपवायची तिची काही इच्छा दिसत नव्हती. "थांबा," ती म्हणाली, "सर्व्हरलाच मध्ये बसवते. एकाची गाठ सोडायची, दुसऱ्याची मारायची आणि पुढे द्यायचं. डबी तापेल, पण आजच्यापुरतं निभेल."

"म्हणजे मध्ये ऑपरेटर बसवतेस."

"तेच."

ती खोलीत गेली. कीबोर्ड थोडा वेळ खडखडला आणि कानांत एकदम सगळं घर भरलं. ट्रंककॉल खोकत होते, साहेबांची नात खिदळत होती. निदान उजवा कान शाबूत असल्याचं पाहून बाबांचा जीव भांड्यात पडला. लेक खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "बोला आता. आता खरंच सगळे ऐकतायत."

बाबांनी घसा खाकरला. लेकीकडे पाहिलं. पुन्हा खाकरला.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "सर्व्हर हिचा. बरा चालतो."

"हे फारच आटोपतं घेतलंत," साहेब म्हणाले. "मघाचं भाषण कसं, काळजाला भिडलं."

"मघाचं म्हणजे काय, प्रश्नच नाही," ट्रंककॉल गरजले.

"माझ्या तर डोळ्यांतलं पाणी खळेना," चौकशीताई म्हणाल्या.

लेक पुढे वाकून माइकमध्ये म्हणाली, "माझ्यासुद्धा." एवढ्या मंडळींत खरं बोलणारी ती एकटीच होती.